दशावताराच्या उजेडात पेंटॅक्स के१०००: कोणती लेन्स घ्यायची?

गेल्या वर्षी गणपतीत भाचीने कणकवलीला थोरल्या मामाचं, म्हणजे माझ्या दादाचं, कपाट उघडलं. चामड्याच्या घट्ट पिशवीत एक कॅमेरा निघाला. पेंटॅक्स के१०००, त्यावर ५० एमएम एफ/२ लेन्स (एमएमचा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते, एफचा जितका लहान तितकी ती उजळ). दादाने १९८८ साली आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून तो घेतला होता. दहा-बारा वर्षं वापरला आणि मग ठेवून दिला तो ठेवूनच दिला.

भाची कोल्हापूरला चित्रकला शिकते. तिने मला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, ह्याला सगळ्यात बेस्ट लेन्स कुठली?"

या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. अशी यादी कुठेही मिळते आणि त्या यादीतली पहिली लेन्स घेऊन लोक वर्षानुवर्षं मांजराचे फोटो काढत बसतात. मी तिला उलट विचारलं, "काढायचंय काय?" तिचं उत्तर पक्कं होतं. दशावताराचा, म्हणजे कोकणात गावजत्रांना रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याचा, एक अख्खा हंगाम. देवळाच्या ओसरीवर नट स्वतःचं तोंड रंगवतात तिथपासून पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत. कृष्णधवल. आणि फ्लॅश नाही.

यामुळे प्रश्न एकदम सोपाही झाला आणि अवघडही. सोपा एवढ्यासाठी की आता निकष मिळाला. अवघड एवढ्यासाठी की जुन्या फिल्म कॅमेऱ्याला सगळ्यात कठीण जाईल असंच काम तिने निवडलं होतं. रात्र, हलणारी माणसं आणि गावजत्रेतली दिवाबत्ती. बजेट पंधरा हजारांचं, त्यातच फिल्मसुद्धा. पुढे काय काय झालं, कुठे चुकलं आणि शेवटी पिशवीत काय राहिलं, ते सगळं इथे लिहितो आहे. असाच जुना कॅमेरा घरात सापडलेले बरेच जण हाच प्रश्न विचारतात.

आधी बॉडी

के१००० हा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिलेला साधा, पूर्ण यांत्रिक कॅमेरा. बॅटरी फक्त प्रकाशमापकाला लागते. ती संपली तरी शटर चालतं. वेग एक सेकंदापासून १/१००० पर्यंत, फ्लॅशसाठी १/६०. सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत किती खोली स्पष्ट येईल ते, बघायची कळ नाही. प्रकाशमापकाला बंद करायचं बटणही नाही. लेन्सवर झाकण लावलं की अंधार होतो आणि मापक गप्प बसतो. दादाने झाकण हरवलेलं, त्यामुळे आतला जुना सेल कधीच मेला होता. नवा एलआर४४ घातला आणि काटा हलला. तेवढ्यावर भाची खूश.

मी मात्र तिला बॉडी आधी दुरुस्तीला द्यायला लावली. शटरचे वेग तपासून, तेलपाणी करून, आरशाजवळचा कुजलेला फोम बदलून घेतला. लेन्स कितीही चांगली घ्या, १/१२५ ऐवजी शटर १/६० ला उघडत असेल किंवा फोममधून उजेड झिरपत असेल तर पैसे पाण्यात. बजेटमधले अडीच हजार इथे गेले. तिला तेव्हा ते फार वाटले.

या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचं माउंट, लेन्स अडकवायचं तोंड. पेंटॅक्सचं के माउंट १९७५ मध्ये आलं आणि आजही चालू आहे. त्यामुळे पर्याय भरपूर. फक्त एक अट कायम लक्षात ठेवायची: लेन्सवर अपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक लहानमोठं करायची, रिंग हवी. के, एम, ए, एफ आणि बहुतेक एफए मालिकेतल्या लेन्सेस चालतात. ए मालिकेच्या रिंगवर 'ए' अशी खूण असते, तिथून ती सोडवून घेतली की झालं. डिजिटलसाठी आलेल्या, रिंग नसलेल्या डीए लेन्सेस बसतात, पण अपर्चर पूर्ण मिटलेलं राहतं आणि त्यातल्या बऱ्याच लेन्सेस फिल्मच्या चौकटीचे कोपरेही काळे ठेवतात. "पेंटॅक्सची आहे, बसते" म्हणून विकणारे पुष्कळ असतात. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

त्याआधीच्या स्क्रू माउंटच्या, म्हणजे एम४२ च्या ताकुमार लेन्सेस साध्या अडॅप्टरवर लागतात. दोन्ही माउंटचं फिल्मपासूनचं अंतर ४५.४६ मिलिमीटर असं सारखंच ठेवलेलं आहे, म्हणून दूरचा फोकसही बिघडत नाही. मुंबईत बोरा बाजारात एक सुपर ताकुमार ५० एफ/१.४ आम्हाला खरंच छान भावात मिळत होती. मी नको म्हटलं. एक तर अडॅप्टरवर अपर्चर आपोआप मिटत-उघडत नाही, हाताने मिटवून माप घ्यावं लागतं आणि तेवढा वेळ व्ह्यूफाइंडर काळा होतो. दुसरं म्हणजे तिच्यातल्या थोरियमयुक्त काचा वर्षांनी पिवळ्या पडतात. ही समोरची तर चहासारखी झाली होती. ऊन किंवा अतिनील दिवा दाखवून पिवळेपणा उतरतो, पण तोवर ती उजेड खाते आणि आम्हाला तर कणाकणाने उजेड हवा होता. दिवसा निवांत काम करणाऱ्याने ती लेन्स डोळे मिटून घ्यावी, इतकी सुंदर आहे.

दादाची लेन्स

घरातली ५० एफ/२ आधी तपासली. लेन्स उघडी ठेवून मागून टॉर्च मारायचा आणि समोरून तिरकं बघायचं. नुसतं खिडकीकडे धरून बघितलं तर निम्मे दोष दिसत नाहीत. पुढच्या दोन काचांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. फंगस.

कोकणातल्या माणसाला हे नवं नाही. पावसाळ्यात चप्पल, पुस्तकं, पापड यांना जे होतं तेच काचेला होतं. बुरशीला काच खायची नसते. धूळ, बोटांचा तेलकटपणा, वंगणाची वाफ यांवर ती जगते. पण तिच्यातून सुटणारं आम्ल काचेवरच्या कोटिंगला आणि पुढे काचेलाही कोरतं. दादाने कॅमेरा जपून चामड्याच्या पिशवीत ठेवला आणि तिथेच घात झाला. चामडं ओलावा धरून ठेवतं.

लेन्स उघडून साफ केली. तंतू गेले, पण त्यांचे ठसे कोटिंगवर राहिले. एक रोल काढून बघितला. सावलीतले आणि दिवसाचे फोटो निर्दोष. समोर बल्ब असला की त्याच्याभोवती दुधाळ वलय आणि सगळ्या चौकटीवर फिका पडदा. म्हणजे दिवसासाठी लेन्स उत्तम आणि आमच्या कामासाठी निकामी, कारण दशावतारात दिवे कायम चौकटीच्या काठाशी किंवा चौकटीतच असतात.

त्याच कपाटात दादाचे जुने निगेटिव्ह होते. त्यात १९९० च्या आसपासच्या जत्रेचे काही फोटो, सगळे फ्लॅश मारून काढलेले. राजाचा मुकुट लखलखीत, चेहरा पांढराफटक आणि मागे सगळा कोळसा. पडदा नाही, पेटीवाला नाही, पुढे मांडी घालून बसलेली माणसं नाहीत. रात्रच गायब. भाचीने ते बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाली, "मला यातलं जे नाहीये ते पाहिजे." लेन्सबद्दल जे काही ठरवायचं होतं ते या वाक्यावरून ठरलं.

खरेदीआधी माप

मी सांगितलं, कार्तिकात पहिली जत्रा लागेल तोवर लेन्सवर एक पैसाही खर्च करायचा नाही. त्या रात्री फक्त माप घ्यायचं.

आम्ही दोघं गेलो. पालखी फिरून नाटक उभं राहायला मध्यरात्र उलटली. रंगमंच म्हणजे मागे एक पडदा, मध्ये एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर आणि तोच महाल. एका बाजूला पेटी, मृदंग, झांज. वर बांबूला बांधलेले चार दिवे. कॅमेऱ्यावर दादाचीच लेन्स, आयएसओ १६०० वर लावलेला. फिल्म आयएसओ ४०० ची, इलफर्डची एचपी५ प्लस, दोन स्टॉप ओढून, म्हणजे कमी उजेडात काढून जास्त वेळ धुऊन, १६०० ला न्यायची असं ठरलं होतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

माप घेण्यातली पहिली अडचण लगेच कळली. के१००० चा मापक सगळ्या चौकटीची सरासरी बघतो. मागे काळोख असला की त्याला वाटतं उजेडच नाही, तो जास्त प्रकाश द्यायला सांगतो आणि नटाचा रंगवलेला चेहरा जळून जातो. म्हणून दिव्याखाली हात धरायचा, चौकट तळहाताने भरायची आणि त्या मापाहून एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. नाटक सुरू असताना बाकड्यापाशी जाऊन हात धरता येत नाही, तेव्हा आधीच, पडदा बांधत असताना, हे उरकायचं. शिवाय त्यातला कॅडमियम सल्फाइडचा सेल अंधारात सुस्तावतो. काटा स्थिर व्हायला चारपाच सेकंद थांबावं लागतं. या कामाला घाई चालत नाही.

वहीत तीन जागांची मापं उतरली. बाकड्याजवळ, दिव्यांच्या ऐन उजेडात, एफ/२ ला १/२५० च्याही थोडं वर. रंगमंचाच्या कडेला, जिथून संकासूर हा राक्षस येतो आणि बरंचसं नाटक प्रत्यक्षात घडतं, तिथे एफ/२ ला १/१२५. आणि ओसरीवर, एका बल्बखाली आरसे मांडून नट बसलेले, तिथे एफ/२ ला १/६०. तिसरं माप मापकाच्या ताकदीच्या टोकाशी आलं होतं.

अंतरंही मोजली, पावलांनी. पुढच्या रांगेत पोरांबरोबर बसलं तर बाकडं साधारण चार मीटर. ओसरीवर जास्तीत जास्त दोन मीटर मागे सरकता येतं, पुढे खांब. ओसरीवर भाचीने कॅमेरा वर केला तेव्हा स्त्रीपार्टाला बसलेले एक ज्येष्ठ नट डोळ्यात काजळ घालता घालता म्हणाले, "फ्लॅश मारू नको हां गो बाय, डोळ्यांपुढे काळोख येता." तिने कॅमेरा उलटा करून दाखवला, फ्लॅश नाहीच म्हणून. मग तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि फोटो काढणाऱ्याला याहून मोठी सवलत मिळत नाही.

त्या एका पानावरच्या मापांनी पुढचे महिनाभराचे वाद मिटवले.

५० एमएम: एफ/१.४ की एफ/१.७

चार मीटरवरून ५० एमएम उभी धरली तर चौकटीत जवळजवळ तीन मीटर उंची मावते. मुकुटासकट अख्खा राजा आणि वर थोडी मोकळी जागा. म्हणजे रंगमंचासाठीही मुख्य लेन्स ५० च. ती सगळ्यात उजळ हवी आणि समोरच्या दिव्यांना तोंड देणारी हवी. पेंटॅक्सचं एसएमसी, म्हणजे अनेक थरांचं कोटिंग, १९७१ पासून त्यांच्या लेन्सेसवर आहे आणि या बाबतीत त्याची ख्याती खरी आहे.

एम मालिकेत तीन ५० मिळतात: एफ/२, एफ/१.७ आणि एफ/१.४. भाचीला अर्थातच १.४ हवी होती. कागदावर तिचं बरोबरही होतं, १.७ पेक्षा ती अर्धा स्टॉप उजळ. मी तिला दोन गोष्टी दाखवल्या.

पहिली, फोकसची जाडी. दीड मीटरवर, म्हणजे ओसरीवरच्या अंतरावर, एफ/१.४ ला जेमतेम साडेसात सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, १.७ ला नऊच्या आसपास. आमच्या के१००० च्या काचेवर फोकस जुळवायला दुभंगलेली प्रतिमा नाही, मध्ये नुसतं मायक्रोप्रिझमचं, म्हणजे फोकस चुकला की चमचमणारं, वर्तुळ आहे. एका बल्बच्या उजेडात, काजळ घालताना पुढेमागे होणाऱ्या चेहऱ्यावर साडेसात सेंटिमीटरचा निशाणा दहातून पाच वेळा हुकतो. अर्धा स्टॉप मिळवायचा आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आणायचे, यात काय मिळवलं?

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष समोर असलेल्या दोन लेन्सेसची. मिळत असलेली १.४ आत धुरकट होती. फंगस नव्हे, वंगणाच्या वाफेचा पातळ थर. आणि तिची किंमत दुपटीहून जास्त. १.७ टॉर्चखाली स्वच्छ. अपर्चर एफ/२२ वर ठेवून मागचा छोटा दांडा बोटाने सरकवला आणि सोडला, तर पाती टक् करून बसली. पात्यांवर तेल आलं असेल तर ती आळसावून मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतो. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने फिरत होती. जुन्या लेन्सच्या बाबतीत मी नेहमी हेच सांगत आलो आहे: निरोगी १.७ ही आजारी १.४ पेक्षा उजळ असते. धुरकटपणाने जो काळा रंग राखाडी होतो तो कुठल्याही अपर्चरने परत येत नाही, आणि दशावतारात काळाच जास्त.

एम ५० एफ/१.७ घेतली. वजन १८५ ग्रॅम, ४९ मिलिमीटरचा फिल्टर. पाच हजार.

१३५ ची चूक

इथे मी चुकलो, आणि ती चूक पूर्ण माझी. ५० येऊन पडली त्याच आठवड्यात एका विक्रेत्याकडे "पेंटॅक्स १३५ एफ/२.५" दिसली, साडेतीन हजारात. मला वाटलं, नटांचे चेहरे जवळून घ्यायला मिळतील. १३५ मध्ये एफ/२.५ म्हणजे फार उजळ. मी फोनवरून हो सांगून टाकलं.

आली ती ताकुमार (बायोनेट) १३५ एफ/२.५. के मालिकेतली एसएमसी पेंटॅक्स १३५ एफ/२.५ ही वेगळी लेन्स: सहा काचांची, ५८ मिलिमीटर फिल्टरची, आणि खरोखर अव्वल. बायोनेट ताकुमार चार काचांची, ५२ मिलिमीटर फिल्टरची, पेंटॅक्सने स्वस्तात काढलेली आणि तिच्यावर ते अनेक थरांचं कोटिंग नाही. फोटोत दोन्ही बहिणी वाटतात. कडेवरची अक्षरं वाचली असती, निदान फिल्टरचं माप विचारलं असतं, तर कळलं असतं. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. मीच विचारलं नाही.

दुसऱ्या जत्रेला त्या लेन्सने एक अख्खा रोल गेला. बांबूवरचे दिवे समोर आले की चौकटीत धुकं उतरल्यासारखं. काळ्या वेषातला संकासूर राखाडी. दादाची ५० निदान फंगसमुळे आजारी होती, ही तर धडधाकट असून तशी. उन्हाच्या बाजूने पाठ करून काढलेले दिवसाचे फोटो मात्र तिने चांगले दिले, म्हणून पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्या एका मित्राला सगळं नीट सांगून ती थोड्या कमी भावात देऊन टाकली.

मग एम १३५ एफ/३.५ चा विचार केला. छोटीशी, २७० ग्रॅमची, एसएमसी, मुबलक आणि स्वस्त. वहीतलं पान काढलं. ऐन उजेडात एफ/३.५ ला जेमतेम १/१२५ मिळतं. १३५ एमएम हातात धरून न हलवता काढायलाच तेवढा वेग कमी पडतो, आणि लढाईच्या नाचात तलवार, पदर, मुकुट सगळं पुसून जाणार. रंगमंचाच्या कडेला तर १/४० च्या आसपास. शिवाय एफ/३.५ ची लेन्स लावली की व्ह्यूफाइंडरच अंधारतो आणि मायक्रोप्रिझम रात्री काही सांगेनासं होतं. एम १०० एफ/२.८ चांगली बसली असती, पण ती बजेटमध्ये मिळाली नाही. भाचीनेच निकाल दिला: "चेहरा जवळून पाहिजे तर मीच पुढे जाऊन बसते की."

तिसरी लेन्स रद्द. ते पैसे फिल्मला.

ओसरीसाठी रुंद लेन्स

दोन मीटरवरून ५० मध्ये दीड मीटरसुद्धा रुंदी मावत नाही. एक नट आणि त्याचा आरसा, बस. आम्हाला हवी होती अख्खी ओसरी: ओळीने बसलेले चार जण, पत्र्याच्या ट्रंका, खुंटीला टांगलेले भरजरी अंगरखे. २८ एमएम मध्ये त्याच अंतरावर अडीच मीटर मावतात, ३५ मध्ये दोन.

मला स्वतःला ३५ आवडते. तिच्यात कडेच्या माणसाचं डोकं ओढल्यासारखं होत नाही, आणि एम ३५ एफ/२ एक स्टॉप उजळही. पण तिची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. एम २८ एफ/२.८ सहज मिळाली, साडेचार हजारात, १५६ ग्रॅमची. ओसरीवर एफ/२.८ ला १/३० येतं. २८ एमएम मध्ये १/३० हाताने निभावतं, श्वास सोडून, खांबाला टेकून. आणि इथे वेग कमी चालतो हे पहिल्या रात्रीच दिसलं होतं. आरशासमोर रंग लावणारा माणूस जगात सगळ्यात स्थिर असतो. भुवई रेखताना तर तो श्वासही रोखतो.

एक पथ्य मात्र तिला पाळावं लागलं. २८ ने माणसं चौकटीच्या कोपऱ्यात ठेवायची नाहीत आणि कॅमेरा वरखाली वाकवायचा नाही. ती जमिनीवर, नटांच्याच उंचीवर बसून काढायला लागली, आणि उभं राहून काढलेल्या पहिल्या रोलपेक्षा दुसरा रोल वेगळाच आला. खांब सरळ, आणि बघणारा त्यांच्यातलाच एक असल्यासारखा.

हंगामानंतर

हिशेब असा: बॉडीची दुरुस्ती अडीच हजार, ५० एफ/१.७ पाच हजार, २८ एफ/२.८ साडेचार हजार, १३५ च्या व्यवहारात पाचशेचा तोटा, आणि राहिलेल्यात तीन रोल व रसायनं. पुढचे रोल भाचीने शिकवणीच्या पैशांतून घेतले. बाजारात चांगली म्हणून गाजलेली एकही लेन्स आमच्या पिशवीत नव्हती.

फिल्म घरीच धुतली, आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, २० अंशाला १४ मिनिटं. कोकणातलं नळाचं पाणी हिवाळ्यातही २० ला येत नाही, म्हणून घमेल्यात बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवल्या. दोन स्टॉप ओढल्यामुळे सावल्यांतला तपशील जातो आणि दाणा मोठा होतो, हे आधीच मान्य केलं होतं. दशावताराला तो दाणा शोभला. पडद्याच्या सुरकुत्या, पेटीवाल्याची बोटं, पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेलं पोर, दादाच्या निगेटिव्हमध्ये नसलेलं बरंचसं यात आलं. दोन दिवे थेट चौकटीत असलेला एक फोटो आहे, त्यात संकासूर खरोखर काळा आहे. तो मी पुन्हा पुन्हा बघतो.

कामाची विभागणी अपेक्षेप्रमाणे झाली नाही. मला वाटलं होतं २८ ओसरीवर आणि ५० रंगमंचावर. पण तिचे सगळ्यात चांगले चेहरे ओसरीवर ५० ने, एफ/२ ला काढलेले निघाले. एफ/१.७ वरून अर्धा टप्पा मिटवला की लेन्स एकदम कडक होते आणि फोकस हुकण्याचं प्रमाणही कमी होतं. आणि रंगमंचावरचा सगळ्यात चांगला फोटो २८ चा आहे, बाजूने, पेटीवाल्याच्या मागून काढलेला, ज्यात नटांपलीकडे सगळा गाव दिसतो. तिथे बसायची परवानगी पाचव्या रात्री मिळाली.

आता दोन्ही लेन्सेस आणि बॉडी हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात असतात. आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर शेकून परत टाकायचे. पावसात दर पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून शटर चारदोन वेळा चालवायचं, लेन्सेस तासभर उजेडात ठेवायच्या. चामड्याची पिशवी आम्ही टाकली नाही, दादाला वाईट वाटलं असतं. ती खुंटीला रिकामी टांगली आहे.

दादाची ५० एफ/२ ही तिच्याचकडे आहे. शेवटच्या जत्रेला पहाटे हंडी फुटायच्या वेळी १.७ वर दह्याचे शिंतोडे उडायला नकोत म्हणून तिने ती लावली. पूर्वेकडून नुकतं उजाडलेलं, समोर दिवा नाही, मऊ उजेड. फंगसचे ठसे असलेल्या त्या लेन्सने काढलेल्या फोटोत खापऱ्या हवेत आहेत आणि खाली पंधरावीस हात. दादाने तो मागून घेतला आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

येत्या कार्तिकासाठी ३५ एफ/२ चे पैसे साठवणं सुरू आहे. मी तिला म्हटलंय, आधी कुणाकडून तरी दोन रात्रींसाठी मागून आण, वहीत पान कर, मग ठरव.